धरून ठेवलेला हात

डिसेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. साहित्यशास्त्राच्या तासाला मी करुण रस शिकवत होतो. शोक हा स्थायिभाव आणि करुण हा रस. जे दुःख प्रत्यक्षात समोर आले तर आपण तोंड फिरवू, तेच रंगमंचावर पाहायला आपण तिकीट काढून का जातो, हा त्या तासाचा ठरलेला प्रश्न. उदाहरणही ठरलेले. कुसुमाग्रज ज्या गावात राहिले त्या नाशिकमध्ये मराठी शिकवणाऱ्याला 'नटसम्राट' सोडून दुसरीकडे जाण्याची गरज पडत नाही. मी गणपतराव बेलवलकरांविषयी बोलू लागलो, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग कांबळीचा व्हिडिओ हा करुण रस का?"

वर्ग हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. आपल्या फोनमधली गोष्ट अचानक फळ्याजवळ येऊन उभी राहिली की मुले हसतात, तसे ते हसणे होते. "त्यावर नंतर बोलू," असे म्हणून मी वेळ मारून नेली. एक तर मला उत्तर येत नव्हते. दुसरे असे की तो व्हिडिओ आदल्या रात्री मीही आमच्या शाळेच्या ग्रुपवर पाठवला होता.

व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेलच. ३ डिसेंबरला, रमाकांत आचरेकर सरांच्या जन्मदिवशी, मुंबईत शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. विनोद कांबळी खुर्चीत बसलेला. सचिन तेंडुलकर त्याच्याजवळ आला, कांबळीने त्याचा हात धरला आणि तो सोडेना. काही क्षणांनी सचिन पुढे निघून आपल्या जागेवर बसला. इतकेच. त्याच कार्यक्रमात कांबळीने गुरूच्या आठवणीखातर 'प्यासा'मधले तेलमालिशवाल्याचे गाणे अडखळत्या आवाजात म्हटले. ते चित्रणही घरोघर पोचले. दोन दिवसांत अशी स्थिती झाली की एकविसाव्या शतकात जन्मलेल्या, कांबळीला कधी खेळताना न पाहिलेल्या मुलांनाही तो ठाऊक झाला. खेळत असताना त्याला जितके लोक ओळखत असतील त्याहून कदाचित अधिक लोक त्या आठवड्यात त्याला ओळखू लागले.

तास संपल्यावर तोच मुलगा दाराशी थांबला होता. त्याने अगदी मनापासून विचारले, "सर, ते खरंच एवढे भारी खेळायचे का?"

'ते' हा शब्द मला खटकला. आमच्या पिढीने कांबळीला कधी अहोजाहो केले नाही. मराठीत देवाला, आईला आणि आवडत्या खेळाडूला एकेरीच बोलावतात. या मुलाने दाखवलेला आदर अनोळखी माणसाला दाखवायचा आदर होता. मी त्याला आकडे सांगितले, कारण आकडे सांगणे सोपे असते. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य लढत. शारदाश्रमकडून सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन नाबाद ३२६ आणि कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ची. लोकांना ६६४ आठवते, पण त्यातला मोठा वाटा कुणाचा हे आठवत नाही. त्याच सामन्यात कांबळीने ३७ धावांत ६ बळीही घेतले होते. मग १८ जानेवारी १९९३, जयपूर, इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद १००, आणि तो त्याचा एकविसावा वाढदिवस. पुढच्याच महिन्यात वानखेडेवर २२४, मार्चमध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७, त्यानंतर श्रीलंकेत १२५ आणि १२०. कसोटीत हजार धावा करायला त्याला १४ डाव लागले. २०२४मध्ये यशस्वी जयस्वालचे एवढे कौतुक झाले, त्याला १६ लागले. एकूण १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी.

मुलगा म्हणाला, "तेविसाव्या? म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठे फक्त." आणि तो गेला. मी मात्र स्टाफरूममध्ये बराच वेळ बसून राहिलो.

वानखेडेवरचे ते द्विशतक मी तेराव्या वर्षी पाहिले. शेजारच्या घरी दूरदर्शनसमोर आम्ही सात-आठ मुले बसलो होतो. मुंबईतल्या दंगलींना जेमतेम महिना लोटला होता, आणि अजून तीन आठवड्यांनी बॉम्बस्फोट व्हायचे होते, हे अर्थात कुणालाच ठाऊक नव्हते. वडीलमाणसे रोज सकाळी वर्तमानपत्र उघडताना घाबरत, एवढे आम्हांला कळत होते. त्या मधल्या दिवसांत एक सावळा, डावखुरा, कानात बाळी घातलेला मुलगा इंग्लंडच्या फिरकीला पुढे सरसावून मैदानभर भिरकावत होता. सचिनचे खेळणे आम्हांला पाठ्यपुस्तकासारखे वाटे. त्यात चूक काढता येत नसे. कांबळीचे खेळणे म्हणजे मधली सुट्टी.

आमच्या वर्गातही एक कांबळी होता. त्याचे खरे नाव येथे देत नाही. त्याला त्या नावाने तसेही कुणी हाक मारीत नसे. तो डावखुरा होता, सावळा होता, बॅटच्या दांड्यावर एकावर एक तीन ग्रिप चढवायचा, आणि एवढे सामान त्याला कांबळी ठरवायला पुरेसे होते. मात्र खेळ नकली नव्हता. गोल्फ क्लबच्या मैदानावर, ज्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असले तरी नाशिककर अजून गोल्फ क्लबच म्हणतात, त्याने मारलेले चेंडू रस्त्यापर्यंत जात. मी त्याचा कायमचा साथीदार. मी दुसऱ्या टोकाला उभा राहायचो, एकेरी धाव काढून त्याला खेळायला द्यायचो, आणि संध्याकाळी त्याच्या धावा वहीत मांडायचो. ती वही पुढे कधी हरवली ते आठवत नाही.

१३ मार्च १९९६. दहावीची परीक्षा डोक्यावर आणि ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी. श्रीलंकेच्या २५१चा पाठलाग करताना १ बाद ९८वरून ८ बाद १२०. मग प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. नाबाद १० वर असलेला कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. आमचा कांबळीही रडला. आम्ही त्याला हसलो. वर्षभर आम्ही त्याला त्या रडण्यावरून चिडवत होतो. आज विचार करताना वाटते, कांबळीच्या आयुष्यातले 'व्हायरल' झालेले पहिले चित्र तेच. फोन नव्हते, इंटरनेट आमच्यापर्यंत आले नव्हते, तरी ते चित्र पसरले, टिकले आणि त्या माणसाला चिकटले. सहा-सात दिवस आधी त्याच स्पर्धेत कानपूरला त्याने झिम्बाब्वेविरुद्ध १०६ धावा केल्या होत्या, हे त्या चित्राखाली गाडले गेले. म्हणजे दोष केवळ नव्या यंत्रांचा नाही. माणसाचे एक चित्र ठरवून बाकीचे विसरण्याची खोड आपली फार जुनी आहे.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने या संदर्भात एक गोष्ट सांगितली. आत्सुशी यानागिसावा नावाचा जपानचा आघाडीपटू होता. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या साखळीत त्याने शंभराहून अधिक गोल केले, काही काळ इटलीतही खेळला, २०१४मध्ये निवृत्त झाला. पण १८ जून २००६ रोजी, विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध, जवळजवळ रिकामे गोल समोर असताना त्याने चेंडू बाहेर घालवला. सामना शून्य-शून्य सुटला. चेंडू अचानक आला, असे काहीसे स्पष्टीकरण त्याने दिले. त्या जपानी वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरे घेऊन तिथल्या इंटरनेटवरच्या लोकांनी 'क्यू-बी-के' असा एक शब्दच पाडला. माणूस निवृत्त झाला, शब्द निवृत्त झाला नाही. भाचा हे हसत सांगत होता, आणि मीही हसलो. जपानी माणूस दूरचा होता म्हणून हसू शकलो.

यानागिसावाच्या बाबतीत निदान एवढे तरी होते की ती चूक मैदानावरची होती. खेळाडू मैदानात उतरतो तेव्हा चुकण्याची आणि हसे होण्याची जोखीम पत्करूनच उतरतो. कांबळीच्या त्या व्हिडिओत चूक कसलीच नव्हती. एका माणसाने जुन्या मित्राचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला होता. त्यावर लोकांनी मात्र दोन निकाल देऊन टाकले. एक पक्ष म्हणाला, पाहा, दारूने आणि बेशिस्तीने काय होते. दुसरा पक्ष म्हणाला, पाहा, मोठा झालेला मित्र हात कसा सोडवून घेतो. दोघांच्याही मनात त्या क्षणी काय होते हे आपल्याला ठाऊक नाही. तरीही एकाला करुणेचा आणि दुसऱ्याला क्रूरतेचा पुतळा करून आपण मोकळे झालो.

पहिल्या निकालाचा व्यापार तर फार दिवसांपासून चालू आहे. महाविद्यालयांतून व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने होतात. त्यांत मी ही गोष्ट निदान सहा-सात वेळा ऐकली आहे. दोन मित्र, एक गुरू, एकच शाळा. एक शिस्तीने वर गेला, दुसरा चैनीत बुडाला. ससा आणि कासव. प्रतिभेपेक्षा परिश्रम श्रेष्ठ. मुले टाळ्या वाजवतात, प्राचार्य आभार मानतात. यात खोटे काही नाही असे कुणी म्हणेल. पण खरेही पुरते नाही. १९९४च्या अखेरीस वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यापुढे उसळत्या चेंडूवर तो अडखळला, हे खरे. मैदानाबाहेर त्याचे वागणे सांभाळलेले नव्हते, हेही त्याने स्वतः वेळोवेळी कबूल केले आहे. परंतु ५४ची सरासरी असलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला पुन्हा कधीच कसोटीत खेळवावेसे का वाटले नाही, हा प्रश्न त्या बोधकथेत येत नाही. एकदिवसीय संघात तो २०००पर्यंत येत-जात राहिला, हेही येत नाही. तात्पर्य आधी ठरले की गोष्टीतले अडचणीचे तपशील गळून पडतात. मी साहित्याचा शिक्षक आहे. बोधकथेत पात्राला आयुष्य नसते, फक्त काम असते, हे मी दरवर्षी शिकवतो. पण हयात माणसाचे पात्र होताना पाहूनही व्यासपीठावर बसून मी टाळ्या वाजवल्या आहेत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. रंगमंचावरचे दुःख आपल्याला सोसवते, कारण ते कुणा एकाचे उरलेले नसते. भट्टनायकाने त्याला साधारणीकरण म्हटले. ते दुःख माझे नाही आणि परक्याचेही नाही अशा जागी ते उभे राहते. म्हणूनच डॉ. श्रीराम लागूंचा बेलवलकर पाहून रडलेला प्रेक्षक सुखाने घरी जाऊ शकतो. पडदा पडल्यावर लागू रंग पुसतात हे त्याला माहीत असते. त्या व्हिडिओतल्या माणसाला पुसायला रंग नव्हता. त्याला नाव होते, घर होते, दुखणे होते. २०२२मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले होते की क्रिकेट मंडळाचे निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न आहे आणि आपल्याला काम हवे आहे. तेव्हा करुण रस म्हणावा तर साधारणीकरण नाही, आणि नुसता शोक म्हणावा तर आपण काही करायला उठत नाही. आपण रसिक होऊन एका माणसाकडे पाहत बसतो. रसिकाने हळहळावे, डोळे पुसावे आणि पुढच्या दृश्याकडे वळावे, एवढेच त्याचे कर्तव्य असते. आणि पुढचे दृश्य तर अंगठ्याच्या टोकाशीच असते.

ही बाजू मांडताना दुसरी लपवणे बरोबर होणार नाही. त्या बघ्यांच्या गर्दीतूनच मदतही आली. २१ डिसेंबरला कांबळीला भिवंडीजवळच्या रुग्णालयात दाखल केले, तिथे त्याच्यावर उपचार झाले आणि १ जानेवारी २०२५ला तो बाहेर पडला. त्याच महिन्यात वानखेडेच्या पन्नाशीच्या सोहळ्यात मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याचा सत्कार केला. पुढे सुनील गावसकरांच्या संस्थेने त्याला दरमहा आर्थिक साहाय्य सुरू केले. कुणी पाहिलेच नसते तर हे झाले असते का? रुग्णालयात तो गाण्यावर नाचतानाचा व्हिडिओही पसरला आणि त्याखाली हजारो लोकांनी मनापासून आशीर्वाद दिले. तेव्हा लोक वाईट आहेत, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. अडचण लोकांची नव्हती, माझी होती. ती आता सांगतो.

मी तो व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला तेव्हा खाली एक ओळ लिहिली होती. ती ओळ हळवी होती आणि मला स्वतःला आवडलीही होती. पाच-सहा जणांनी हात जोडल्याची, डोळ्यांत पाणी आल्याची चिन्हे पाठवली. मग रात्री उशिरा एकाने विचारले, "अरे, आपला कांबळी कुठे असतो सध्या?"

त्यानंतर सकाळपर्यंत कुणी काहीच लिहिले नाही.

मला माहीत होते. निदान तो जिवंत आहे, नाशिकमध्येच आहे, एवढे माहीत होते. २०१९च्या उन्हाळ्यात रविवार कारंजावर तो मला भेटला होता. आधी मी त्याला ओळखले नाही. दाढी वाढलेली, शर्टाची दोन बटणे नव्हती, आणि तोंडाला वास येत होता. त्याने मला ओळखले, "काय सर!" म्हणून माझा हात धरला आणि तो सोडेना. माझ्याबरोबर एक प्राध्यापक मित्र होता. त्याच्यादेखत मला संकोच वाटला, हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे. तो काही मागत नव्हता. पंचवटीतल्या एका सामन्याची आठवण सांगत होता, ज्यात मी धावबाद झालो होतो म्हणून तो रडला होता. मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली, "तास आहे रे, निघतो," म्हणालो आणि हात सोडवून घेतला. मे महिना होता. सुट्ट्या होत्या.

सचिनने हात सोडवून घेतला म्हणून चिडलेल्यांच्या यादीत माझेही नाव होते. त्या ग्रुपवर मी जी हळवी ओळ लिहिली होती ती त्याच अर्थाची होती.

ग्रुपवर जे विचारले गेले होते त्याचे उत्तर मी तिथे दिले नाही. दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांना विचारून त्याचा नंबर मिळवला आणि चार दिवस तो तसाच ठेवून पाचव्या दिवशी फोन केला. त्याने पहिल्याच वाक्यात आवाज ओळखला. दीड वर्षापासून पीत नाही म्हणाला. एका गोदामावर रात्रपाळीला असतो, सकाळी गोल्फ क्लबवर लहान मुलांना चेंडू टाकतो, त्याचे थोडेफार मिळते. मी विचारले, "तो व्हिडिओ पाहिलास?"

"बघितला ना. पन्नास जणांनी पाठवला," तो म्हणाला. "गोदामावरची पोरं पण दाखवत होती. मी त्यांना म्हटलं, शारजात वॉर्नच्या एका षटकात बावीस काढलेले बघितलेत का? नाही म्हणाले. मग मी शोधून दाखवलं. रात्रभर तेच बघत बसलो आम्ही."

माझ्या तोंडून काही निघेना. मग मी एकदाचे म्हटले, "रविवार कारंजावर भेटलो होतो तेव्हा मी जरा..."

"सोड रे," तो म्हणाला. थोडा थांबला आणि म्हणाला, "मे महिन्यात कसला तास, एवढं मला तेव्हाही कळत होतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

त्या रविवारी सकाळी मी गोल्फ क्लबवर गेलो. थंडी होती. तो नऊ-दहा वर्षांच्या एका डावखुऱ्या मुलाला फुल टॉस टाकत होता आणि कोपर वर ठेव म्हणून ओरडत होता. मला पाहून त्याने हात केला, पण चेंडू टाकणे थांबवले नाही. मी कडेला उभा राहिलो. तासाभराने मुले गेली, आम्ही चहा घेतला, आणि त्याने माझ्याकडे दोनशे रुपये मागितले नाहीत, जुनी आठवणही काढली नाही. त्या डावखुऱ्या मुलाविषयीच बोलत राहिला. निघताना मी हात पुढे केला. त्याने तो धरला आणि लगेच सोडला. त्याला पुढच्या तुकडीला चेंडू टाकायचे होते.

वर्गात त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या तासाला एवढेच सांगितले की तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. ते खोटे आहे हे त्यालाही कळले असावे. असो. यंदा पुन्हा करुण रसाचा तास येईल तेव्हा 'नटसम्राट'च्या आधी वानखेडेवरच्या त्या डावाविषयी दहा मिनिटे बोलायचे ठरवले आहे. बेलवलकरांचे दुःख कळण्याआधी त्यांनी गाजवलेल्या भूमिका ठाऊक असाव्या लागतात. कांबळीच्या बाबतीत आपण ती पायरीच गाळली होती.